ठाण्यातील कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?



पोलिसांच्या मारहाणीची चित्रफीत बाहेर आली की एक वर्ग लगेच पुढे सरसावतो. "दोन मिनिटांच्या चित्रावरून सबंध खात्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता? आधी काय घडले, नंतर काय घडले, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मी वकील आहे. चित्र म्हणजे निकाल नव्हे, हे मला कळते. लॉस एंजेलिस येथे १९९१ साली रॉडनी किंग यास पोलिसांनी बडविले, त्याचे चित्रण साऱ्या जगाने पाहिले. तरी १९९२ साली चौघा पोलिसांपैकी एकासही ज्यूरीने दोषी ठरविले नाही. बचावाच्या वकिलांनी तीच फीत तुकड्यातुकड्याने दाखवून तिचा उलटा अर्थ लाविला होता. पुढे १९९३ साली दुसऱ्या खटल्यात दोघे दोषी ठरले.

परंतु खात्यात सुधारणा हवी की नको, हा प्रश्न एका शिपायाच्या काठीपुरता नाही. चित्र बाहेर येण्यापूर्वी खात्याने कागदावर काय लिहिले होते, तेथे तो सुरू होतो. मिनिआपोलिस येथे २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड मरण पावला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याच्या शारीरिक त्रासाचा उल्लेख होता. त्याच्या मानेवरील गुडघ्याचा नव्हता. सतरा वर्षांच्या एका मुलीने ते चित्र टिपले नसते, तर तो कागदच खरा ठरला असता!

आपल्या देशातही तोच अनुभव आला, आणि तोही अवघ्या महिन्याभरात. तामिळनाडूतील सातानकुलम येथे १९ जून २०२० रोजी टाळेबंदीत दुकान उघडे ठेवल्याच्या कारणावरून पोलिसांनी पिता-पुत्रांस ठाण्यात अडकवून ठेवले. चार दिवसांच्या आत दोघेही मरण पावले. त्यांनी जमिनीवर लोळण घेतली व त्यांस दुखापत झाली, असे पोलिसांच्या फिर्यादीत लिहिले होते. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तसे काहीही दिसले नाही. मग ठाण्यातील कॅमेऱ्याने काय पाहिले? न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा कळले की साठवणीस जागा भरपूर होती, पण रोजचे चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी योजना करून ठेवलेली होती. दुकानदाराच्या कॅमेऱ्यास जे आठवले, ते सरकारच्या कॅमेऱ्यास आठवेना.

आता त्या आक्षेपकांस मी विचारतो : जनतेची फीत अर्धवट आहे ना? मग पूर्ण फीत कोणाजवळ आहे? ठाण्याजवळ. ती आणा. हाती असलेला पुरावा जो दडवितो, त्याच्याविरुद्ध तो पुरावा गेला असता असे न्यायालयास गृहीत धरता येते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मध्ये हे तत्त्व होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्येही ते आहे. सामान्य पक्षकारास लागू होणारे हे तत्त्व ठाणेदारास का लागू नसावे?

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात कोठडी, व्हरांडा, दरवाजे, अधिकाऱ्यांच्या खोल्या यांवर आवाजासह टिपणारे कॅमेरे असावेत आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसल्यास निदान एक वर्ष, जपावे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयास ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची दखल स्वतःहून घ्यावी लागली. कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी त्या आदेशाने ठाणेदारावरच टाकली आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हावयाची, त्याच्याच हाती कळ! ती किल्ली खात्याबाहेरील यंत्रणेकडे जाईपर्यंत सुधारणा झाली असे मी मानणार नाही.

तोवर आपल्या घरातील कोणास ठाण्यात मारहाण झाली, तर दुसऱ्याच दिवशी चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक प्रत राज्य मानवी हक्क आयोगाकडे धाडा. मोबाईलवर कोणी काही टिपले असेल, तर तो मोबाईल विकू नका, त्यातील मूळ फीत पुसू नका. न्यायालयात प्रतीबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ हाती असले म्हणजे बनावटपणाच्या आक्षेपास तोंड देता येते.