दाद म्यूटवर!

‘अवतार’ हा शब्द आमच्या पंचवटीत जरा जपूनच वापरावा लागतो. एकीकडे काळाराम मंदिरात साक्षात अवतार उभे आहेत. दुसरीकडे सकाळी नऊला केस पिंजारलेले, टी-शर्टवर कालच्या चहाचा डाग, अशा वेशात लॅपटॉप उघडून बसलं की आई म्हणणारच, ‘काय हा अवतार!’

पण मंडळी, या शब्दाचा तिसरा अर्थ परदेशवारी करून परत आलाय. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत लुकासफिल्मच्या पोरांनी ‘हॅबिटॅट’ नावाचं एक खोटं खोटं गाव तयार केलं. तेही कमोडोर ६४ सारख्या बाळबोध कॉम्प्युटरवर! फोनच्या तारेतून त्या गावात शिरायचं, हिंडायचं, लोकांशी गप्पा मारायच्या. तिथे तुमच्या वतीनं फिरणारं जे कार्टून होतं, त्याला त्यांनी नाव दिलं अवतार. आपल्याकडे देव खाली उतरतो तो अवतार, त्यांच्याकडे माणूस स्क्रीनमध्ये उतरतो तो अवतार. हिशेब सरळ आहे.

आणि हे अवतार नुसते उंडारत नाहीत बरं का. ते साहित्यिक कार्यक्रमांनाही जातात.

२००३ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबनं ‘सेकंड लाइफ’ सुरू केलं. याला गेम म्हणावं, तर यात जिंकणं-हरणं नाही. जमीन घ्या, घर बांधा, लिंडन डॉलरमध्ये दुकान चालवा, संध्याकाळी एखाद्या मैफलीला जा. २००६ मध्ये याची एवढी हवा झाली, की रॉयटर्सनं तिथे चक्क आपलं ब्यूरो उघडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ८३ वर्षांचे कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट तिथे अवतार धारण करून मुलाखतीला बसले. पुढच्या ऑगस्टमध्ये विल्यम गिब्सन यांनी तिथे आपल्या नव्या कादंबरीचं वाचन केलं. हे तेच गिब्सन, ज्यांनी १९८२ मधल्या एका कथेत ‘सायबरस्पेस’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. म्हणजे शब्द आधी काढला आणि पंचवीस वर्षांनी स्वतः त्यात जाऊन बसले!

यातली गंमत म्हणजे या जगातही हाउसफुल्लची पाटी लागते. तिथल्या एका भागात साधारण शंभरएक अवतार जमले, की सर्व्हरला धाप लागते. चित्रं अडखळतात, माणसं हवेत लटकतात. गंगेवर बुधवारच्या बाजारात चालताना मला हे हमखास आठवतं. तिथे किती मावतात याची मर्यादा अजून कुणाला सापडलेली नाही.

आपल्या मराठी मंडळींनी मात्र थ्रीडी बाहुल्यांची वाट पाहिली नाही. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून अजय गल्लेवाले यांनी ‘मायबोली’ सुरू केली. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे मोडेमची किरकिर आणि फोनचं बिल पाहून बाबांची किरकिर. तरी तिथे एक गाव वसलं. अवतार नव्हते, पण टोपणनावं होती, आणि टोपणनाव हाही अवतारच की. पुढे या गावात गणपती बसू लागला. स्पर्धा, पाककृती, पोराटोरांच्या आवाजातले श्लोक, सगळं साग्रसंगीत. दिवाळी अंक निघाला. आणि इतक्या गप्पा झाल्यावर हे लोक एकमेकांना भेटणार नाहीत असं कसं होईल? मग ‘गटग’ हा शब्द जन्माला आला. गेट टुगेदरचं इतकं झकास मराठीकरण भाषातज्ज्ञांच्या कमिटीलाही जमलं नसतं! पावसाळ्यात वर्षाविहार ठरू लागला. स्क्रीनवर कवितेवरून कडाकडा भांडलेली माणसं एकाच बसमधून भिजायला गेली.

आता माझा मुद्दा. मास कॉमच्या वर्गात पहिल्याच सेमिस्टरला ‘फीडबॅक’ शिकवतात. ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे काहीतरी परत आलं पाहिजे, नाहीतर त्याला संवाद म्हणायचं नाही. आमच्याकडे याचं नाव दाद. कवीनं ओळ टाकली, की समोरून ‘क्या बात है!’ आलं पाहिजे. मागच्या रांगेतून ‘पुन्हा एकदा!’ आलं पाहिजे. नाही आलं तर कवी ओळ गिळून पुढे जातो आणि आयोजकाकडे बघतो.

लॉकडाउनमध्ये दादच म्यूटवर गेली. आठवतंय ना? ‘माझा आवाज येतोय का’ हे तेव्हाचं राष्ट्रगीत होतं. समोर पंचवीस चौकोन, त्यातले अठरा काळे. कवीनं जीव ओतून कविता वाचली, की भयाण शांतता. मग सगळे एकदम म्यूट काढणार, एकाच वेळी ‘वाहवा’ म्हणणार आणि ऐकू येणार फक्त ‘व्हाऽ... खर्र... हा’. यात कुणाचा अरसिकपणा नव्हता. ही ॲप्स मुळात ऑफिसच्या मीटिंगसाठी बनलेली. ज्याचा आवाज मोठा त्याला ती पुढे करतात आणि बाकीचे आवाज गोंगाट समजून दाबतात. त्यात प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरानं पोचतो, त्यामुळे टाळ्या एका ठेक्यात पडतच नाहीत. सॉफ्टवेअरच्या लेखी तुमची दाद म्हणजे मागे चाललेला मिक्सर!

पण माणसं जाम चिवट असतात. मे २०२१ मध्ये क्लबहाउस आपल्याकडे अँड्रॉइडवर आलं. रात्री अकरानंतर तिथे मराठीत मैफली रंगायच्या. चेहरा नाही, चित्र नाही, नुसता आवाज. तिथे टाळ्या वाजवायची एक युक्ती सगळ्यांनी उचलली. आपला माइक भराभर चालू-बंद करायचा. स्क्रीनवर माइकची छोटी छोटी चित्रं लुकलुकायची. आवाज शून्य, पण कवीला कळायचं की ओळ पोचली.

माझ्या शेजारच्या काकूंना ही लुकलुक फार आवडायची.

काकू म्हणजे आमच्या गल्लीत सगळ्यांच्या काकू. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं औषध, जेवण, कूस बदलणं, सगळं काकूंच्या हातून. संध्याकाळी सहा ते नऊ ही काकूंची सर्वात धावपळीची वेळ, आणि नाशिकमधले यच्चयावत साहित्यिक कार्यक्रम नेमके याच वेळेत. १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, त्याचं औरंगाबादकर सभागृह, तिकडे कुसुमाग्रज स्मारक, सगळं नदीपलीकडे. पूल ओलांडला की आलंच. रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं. पण काकूंना ते ओहायोपेक्षा लांब होतं. ओहायोचा उल्लेख उगाच नाही करत. त्यांची मुलगी तिथे असते आणि तिच्याशी त्या रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात. सभागृहात मात्र कितीतरी वर्षांत पाऊल पडलेलं नव्हतं.

काकू कविता लिहितात हे मला २०२१ पर्यंत माहीत नव्हतं. दूधवाल्याच्या हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानांवर लिहायच्या. कुणीतरी एका छोट्या काव्यगटाची लिंक पाठवली आणि त्या एका रात्री साडेदहाला, सासूबाईंचा डोळा लागल्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून आत शिरल्या. तीन आठवडे नुसतं ऐकलं. चौथ्या आठवड्यात हात वर केला. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून मला म्हणाल्या, ‘अगं, वीस जण होते. एक बाई दुबईहून म्हणाली, पुन्हा वाचा!’

वीस जण. तुम्ही-आम्ही रीलवर वीस लाइक आले तर डिलीट करून टाकतो.

त्या काळात हे सगळीकडेच घडत होतं. जानेवारी २०२१ मध्ये विश्व मराठी परिषदेनं अख्खं संमेलनच ऑनलाइन भरवलं. २००९ मध्ये पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन सॅन होजेला झालं होतं, तेव्हा तिथे जायला व्हिसा आणि विमानाचं तिकीट लागत होतं. बारा वर्षांनी दीड जीबी डेटा पुरला. आमच्या नाशिकचं ९४ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये ठरलेलं. कोरोनामुळे ते पुढे गेलं आणि डिसेंबरच्या ३ ते ५ तारखांना पंचवटीच्या पुढे, आडगावला भरलं. अध्यक्ष जयंत नारळीकर. आयुष्यभर विज्ञानकथा लिहिणारा माणूस अध्यक्ष, आणि प्रकृतीमुळे त्यांनाच मांडवात येता आलं नाही. तेव्हा यावरून बरीच नाराजी व्यक्त झाली. माझ्या मनात मात्र आलं, की मांडवाच्या बाहेर राहिलेल्यांत या वेळी खुद्द अध्यक्ष आहेत. आणि गल्लीतल्या काकूही आहेत. शरीर नेता येत नाही म्हणून माणूस साहित्यातून वजा होतो का?

मग कोरोना ओसरला. सभागृहं उघडली. काकूंच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘आता प्रत्यक्ष भेटूया! ऑनलाइनचा कंटाळा आलाय!’ त्याखाली पंधरा हसरे चेहरे, नऊ टाळ्या. वेळ संध्याकाळी सहा. स्थळ अर्थातच नदीपलीकडे.

काकूंनीही टाळ्यांचा इमोजी टाकला. दुसरं काय टाकणार?

कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. घरात कोंडून घेतलेल्या माणसांना एकमेकांच्या पाठीवर थाप मारायची होती, मध्यंतरात चहा प्यायचा होता. मलाही प्यायचा होता. पण जी लिंक आपल्यासाठी तात्पुरती सोय होती, तो काही जणांसाठी घराबाहेर पडायचा एकमेव दरवाजा होता. आपण बाहेर पडलो आणि निघताना तो ओढून घेतला.

याचा अर्थ प्रत्यक्ष कार्यक्रम बंद करा असा नाही हां! मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. तिथे जे घडतं ते कुठल्याही व्हर्च्युअल जगात घडणार नाही. भाजीची पिशवी घेऊन चाललेला माणूस दोन मिनिटं थांबतो. वक्त्याचं एखादं वाक्य कानावर पडतं. पिशवी खाली ठेवतो. अर्ध्या तासानं बघावं तर खुर्चीवर बसलेला असतो. त्याला कुणी लिंक पाठवलेली नव्हती. ऑनलाइन जगात असा वाट चुकून आलेला श्रोता मिळत नाही. तिथे येतो तो बोलावलेलाच येतो. म्हणून घाट हवाच.

फक्त घाटाला एक खिडकीही हवी. आणि खिडकी म्हणजे स्टेजवरच्या समईसमोर मोबाइल टेकवून ‘लाइव्ह’चं बटण दाबणं नव्हे. त्यात पलीकडच्याला निवेदकाची पाठ आणि पंख्याचा आवाज मिळतो. जे गट हे नीट करतात, त्यांच्याकडे पाहून काही साध्या गोष्टी मी टिपल्यात. तुमच्या बुक क्लबला, ऑफिसच्या ओपन माइकला, बिल्डिंगच्या कोजागिरीलाही चालतील.

एक म्हणजे ट्रायपॉड आणि कॉलर माइक. खर्च एका विकेण्डच्या पिझ्झाएवढा. दुसरं, एका माणसाचं काम फक्त पलीकडच्यांकडे लक्ष ठेवण्याचं. तिकडून ‘वाहवा’ टाइप झालं की त्यानं ते हॉलमध्ये मोठ्यानं म्हणायचं. दादेला असा उसना आवाज मिळाला तरी कवीला पुरतो. तिसरं, ऑनलाइनवाल्यांना शेवटी नाही, सुरुवातीला वाचू द्या. शेवटी हॉलमधली माणसं चपला शोधत असतात. चौथं, महिन्यातून एक बैठक तरी रात्री साडेनऊनंतर, निव्वळ ऑनलाइन. चहा ज्यानं त्यानं आपापला करून घ्यावा!

उद्या हेल्मेटसारखे चष्मे घालून आपण सगळे थ्रीडी सभागृहात बसूसुद्धा. फेसबुकनं ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतःचं नाव बदलून ‘मेटा’ केलं ते याच स्वप्नापायी. पण काकूंना चष्मा नकोय. त्यांना साडेदहाची वेळ, चालू लिंक आणि समोर लुकलुकणारे चार माइक हवेत. एवढं तंत्रज्ञान आपल्या सगळ्यांच्या खिशात आज पडून आहे.

सासूबाई अजून आहेत. हिशेबाची वही बदलली. नवीच्याही मागच्या पानांवर काहीतरी लिहिलेलं असतं, असं मला गॅलरीतून दिसतं.

तेव्हा दोस्तांनो, पुढचा कार्यक्रम ठरवाल तेव्हा स्थळ आणि वेळ याच्या खाली आणखी एक ओळ टाका. लिंकची. पाठवायची कुणाला असा प्रश्न पडला तर मला विचारा, काकूंचा नंबर आहे माझ्याकडे.