परदेशातील स्वस्ताई आणि सीमाशुल्काचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याने निघाल्यावर चौदाव्या किलोमीटरवर चितेगाव लागते. पैठण तालुक्यातील याच गावी व्हिडिओकॉन कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आणि कारखाना होता. ऐंशीच्या दशकात आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातील टू-इन-वन आणि व्हीसीआर पाहण्यासाठी शेजारी गोळा होत. त्याच काळात या कंपनीने तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने देशी रंगीत टीव्ही मध्यमवर्गाच्या घरात नेला. टीव्हीसाठी परदेशी जाणाऱ्या नातलगाची वाट पाहण्याची गरज हळूहळू उरली नाही. पुढे २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेणारी ही कंपनी जून २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. पिक्चर ट्यूबचा जमाना तर त्याआधीच संपत आला होता.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. टीव्ही किंवा मोबाइलसारखा मोठा देशी उद्योग या क्षेत्रात उभा राहिला नाही. त्यामुळे दुबई, सिंगापूर किंवा टोकियोला निघालेल्या आप्ताला लेन्स आणण्याची गळ आजही घातली जाते. जायकवाडीच्या नाथसागरावर पक्ष्यांची छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी माणसाला आणि लग्नसराईवर पोट असलेल्या तालुक्याच्या छायाचित्रकाराला हा मोह सारखाच होतो. फरक इतकाच, की दुसऱ्याच्या बाबतीत चुकलेल्या खरेदीची झळ थेट संसाराला बसते.

प्रथम दर्शनी किंमत पाहू. सिंगापूरमध्ये जानेवारी २०२४ पासून वस्तू व सेवाकर ९ टक्के आहे, दुबईत २०१८ पासून मूल्यवर्धित कर ५ टक्के. पर्यटकाला पात्र खरेदीवरील कराचा परतावा मिळू शकतो. पण त्यासाठी पावती जपावी लागते, मायदेशी निघताना विमानतळावर ठरलेले सोपस्कार पूर्ण करावे लागतात आणि परताव्यातून सेवाशुल्कही वजा होऊ शकते. इकडे भारतात डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे तफावत आहे, पण पूर्वीइतकी नाही.

खरा हिशेब मुंबईच्या विमानतळावर होतो. परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला शुल्कमुक्त सामानाची मर्यादा २०१६ च्या नियमांनुसार ५० हजार रुपये होती. फेब्रुवारी २०२६ पासून ती ७५ हजार झाली. ही सवलत माणशी असते. पती-पत्नीच्या सवलतींची बेरीज करून एकच महागडी वस्तू त्यात बसवता येत नाही. मर्यादेपलीकडील मूल्यावर २०१८ नंतर अधिभारासह ३८.५ टक्के हा दर रूढ झाला. त्या दराने पावणेदोन लाखांच्या लेन्सवर ३८ हजार ५०० रुपये शुल्क होते. तिकडे वाचलेले पैसे इथे सहज संपतात. सपाट पडद्याचा टीव्ही तर ऑगस्ट २०१३ पासून शुल्कमुक्त सवलतीतून वगळण्यात आला आणि पूर्ण बांधणीच्या ड्रोनच्या आयातीवर, मोजके अपवाद वगळता, फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. ड्रोन स्वस्त मिळाला म्हणून आणणाऱ्याला तो विमानतळावरच गमवावा लागू शकतो.

व्यावसायिकाने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. जीएसटी नोंदणी असलेला छायाचित्रकार भारतात रीतसर बिलाने कॅमेरा घेतो, तेव्हा भरलेल्या कराची वजावट त्याला आपल्या कामाच्या करातून मिळते. नातलगाच्या सामानातून आलेल्या कॅमेऱ्यावर ती मिळत नाही. शिवाय अनेक कॅमेऱ्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेल्या काही कॅमेऱ्यांतील मेन्यू केवळ जपानी भाषेतच असतो. ऐन लग्नाच्या हंगामात असा कॅमेरा बिघडला तर स्वस्ताई कुणाला सांगणार?

म्हणून खरेदीपूर्वी वॉरंटी आंतरराष्ट्रीय आहे का, हे लेखी पाहावे. पावतीवर अनुक्रमांक नोंदवून घ्यावा आणि वस्तू मर्यादेपलीकडची असल्यास सीमाशुल्क विभागाकडे स्वतःहून जाहीर करावी. स्वतःचा जुना महागडा कॅमेरा परदेशी नेताना जातेवेळीच विभागाकडून प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परततांना तो नवा ठरत नाही.

मात्र प्रश्न प्रवाशाच्या सावधगिरीपाशी संपत नाही. मोबाइलवरील सीमाशुल्कामागे देशी जुळणी उद्योगाला आधार देण्याचे कारण सांगता येते. तेही जुलै २०२४ मध्ये २० वरून १५ टक्के करण्यात आले. प्रवाशाने आणलेल्या कॅमेऱ्यावरील जबर शुल्क कोणत्या उद्योगाला आधार देते? तालुक्याच्या गावातील छायाचित्रकाराला हे उपकरण चैनीसाठी लागत नाही. ते त्याचे अवजार आहे. चितेगावात एकेकाळी टीव्ही तयार होऊ लागला तेव्हा परदेशी टीव्हीचे अप्रूप आपोआप ओसरले. कॅमेऱ्याच्या बाबतीत तसे घडेपर्यंत व्यावसायिक उपकरणांसाठी शुल्काचा वेगळा, सौम्य टप्पा ठेवणे आणि कंपन्यांनी दुरुस्तीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत आणणे, एवढी अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.