मंजूर न म्हणणारे सभासद

महाराष्ट्रात ज्यांनी सहकाराची पदविका घेतली आहे, त्यांना रॉचडेल हे नाव तोंडपाठ असते. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले हे कापडगिरण्यांचे गाव. १८४४ च्या डिसेंबरात तिथल्या अठ्ठावीस विणकर-कारागिरांनी प्रत्येकी एक पौंड भागभांडवल जमवून टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान थाटले आणि लोणी, साखर, पीठ, ओटचा भरडा व मेणबत्त्या एवढाच माल विकायला ठेवला. भेसळ नाही, वजनात मारामारी नाही, नफा खरेदीच्या प्रमाणात वाटायचा आणि भाग कितीही असोत, मत एकच. आपल्याकडे प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला, त्या विचाराची वंशावळ मागे नेत गेल्यास ती या गल्लीपाशी पोहोचते.

याच गावात एक फुटबॉल क्लबही आहे. पदविकेच्या पुस्तकात तो नसतो. आमच्या मते तो असायला हवा होता, कारण सभासद म्हणजे काय हे त्या क्लबाच्या हरण्यातून जितके कळते तितके टोड लेनच्या जमाखर्चातून कळत नाही.

हरणे हा शब्द इथे अलंकारिक नाही. १९०७ साली स्थापन झालेला हा क्लब १९२१ साली फुटबॉल लीगमध्ये आला. १९३१-३२ च्या मोसमात त्याने चाळीसपैकी तेहतीस सामने गमावले, त्यातले सतरा ओळीने. १९७३-७४ साली सेहेचाळीस सामन्यांत दोन जिंकले. त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये विजेची टंचाई होती, प्रकाशझोतांना बंदी होती, म्हणून केंब्रिज युनायटेडविरुद्धचा सामना कामाच्या दिवशी दुपारी खेळवला गेला आणि त्याला अधिकृत आकड्यानुसार साडेचारशे माणसे आली. त्या मोसमाअखेर क्लब चौथ्या, म्हणजे त्या काळच्या तळाच्या विभागात घसरला आणि २०१० पर्यंत तिथेच राहिला. छत्तीस वर्षे! इंग्रज क्रीडापत्रकार त्या विभागाला थट्टेने ‘रॉचडेल विभाग’ म्हणू लागले. दुकानाने गावाचे नाव जगाच्या शब्दकोशात एका अर्थाने नेले, क्लबाने दुसऱ्या.

तळाच्या विभागातून बाहेर फेकले जाण्याची रीतही तेव्हा मोठी मासलेवाईक होती. १९८६ पर्यंत शेवटच्या चार क्रमांकांच्या क्लबांना इतर क्लबांपुढे मतांचा जोगवा मागावा लागे. १९८० साली तळाला असलेले रॉचडेल आणि लीगबाहेरचे ऑल्ट्रिंकम यांच्यात मतदान झाले. सव्वीस विरुद्ध पंचवीस. एका मतावर गाव वाचले.

अशा संघाच्या पाठीराख्याने काय करावे, याविषयी जगात दोन उपदेश प्रचलित आहेत. पहिला भक्तिमार्गी: खरा पाठीराखा तक्रार करत नाही, जिंकताना सगळेच येतात, हरताना जो गातो तोच आपला. दुसरा बाजारमार्गी: तिकिटाचे पैसे मोजले आहेत, माल वाईट निघाला, तर दुकान बदला. रॉचडेलहून ट्रामने मँचेस्टरला जाता येते आणि तिथे जगातली दोन श्रीमंत दुकाने आहेत. पण रॉचडेलच्या स्पॉटलंड मैदानावर जे दोन-तीन हजार लोक येत राहतात, ते दोन्ही उपदेश मोडतात. ते जात नाहीत आणि गप्पही बसत नाहीत. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या ग्रंथात असे मांडले की, ढासळणाऱ्या संस्थेपुढे माणूस एक तर बाहेर पडतो किंवा आवाज उठवतो, आणि निष्ठेचे काम म्हणजे बाहेर पडणे लांबवून आवाजाला अवसर देणे. म्हणजे निष्ठा ही तक्रारीची शत्रू नसून तिची दाई आहे. ज्याला कुठेही जायचे नाही तोच खरा ओरडतो.

आमच्याकडचे उदाहरण घेऊ. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो स्वर आठवेल. विषयपत्रिकेवरचा एकेक विषय वाचला जातो आणि मांडवातून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो. कोणी शंका काढायला उभा राहिला, तर त्याच्या हातातला ध्वनिक्षेपक केव्हा निसटतो तेही कळत नाही. विषय संपायच्या आत मंजुरी आणि मंजुरीच्या आत जेवणाची पंगत! या सभासदाकडे भाग आहे, मत आहे, छापील अहवाल आहे. नाही तो आवाज. उलट स्पॉटलंडच्या पायऱ्यांवरल्या माणसाकडे पुष्कळदा केवळ मोसमी पास असतो आणि कायद्याने त्याला काहीही विचारण्याचा अधिकार नसतो. तरीही नव्वद मिनिटे तो एकही विषय मंजूर करत नाही. टोड लेनच्या अठ्ठावीस जणांना यांपैकी कोण आपला वाटला असता, याविषयी आम्हांला फारशी शंका नाही.

या ओरडण्याची जातही पाहण्यासारखी असते. खालच्या लीगचा चाहता अडाणी शिव्या देतो असा समज ज्यांचा आहे, त्यांनी एखादा सामना त्यांच्यात बसून ऐकावा. शिव्या असतात, नाही असे नाही. पण त्यांच्या आत बारीक टीका असते. बचावपटू एकमेकांना आडवे पास देत बसले आहेत, कारण पुढे द्यायला कोणी मोकळे होत नाही. उंच आलेला चेंडू डोक्याने परतवला जातो, पण तो जिथे पडतो तिथे आपला माणूस कधीच नसतो. डाव्या बाजूचा खेळाडू दुसऱ्या क्लबाकडून उसना आणलेला आहे, तो दुखापत टाळत खेळतो आहे, मे महिन्यात परत जाणार आहे. मोठ्या क्लबाचा प्रेक्षक हे सारे दूरचित्रवाणीवरच्या तज्ज्ञाकडून ऐकतो. इथे तज्ज्ञ येत नाहीत, म्हणून समीक्षा प्रेक्षकांनाच करावी लागते. तीही कशी, तर एकाच सुमार लेखकाची सगळी पुस्तके क्रमाने वाचलेल्या समीक्षकासारखी. १९९३ सालच्या मधल्या फळीशी आजच्या मधल्या फळीची तुलना करणारा माणूस त्या लेखकावर रागावलेला असतो हे खरे, पण त्याच्याइतके लक्ष देऊन त्याला दुसऱ्या कोणी वाचलेले नसते. रिकाम्या स्तुतीपेक्षा असा राग कोणत्याही लेखकाने पत्करावा. (मराठी लेखक पत्करतील की नाही, हा प्रश्न तूर्तास बाजूला ठेवू.)

अर्थात या रागाला मधूनमधून मोबदलाही मिळतो, नाहीतर माणसे वेडी झाली असती. २०१८ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या पायरीवरच्या विभागात तळाला असलेल्या रॉचडेलने एफ.ए. चषकात टॉटनमला स्पॉटलंडवर दोन-दोन बरोबरीत रोखले. बरोबरीचा गोल जादा वेळेतला. फेरसामन्यात वेम्बलीवर, बर्फ पडत असताना, एक विरुद्ध सहा असा निकाल लागला. हेही रॉचडेलच्या रीतीला धरूनच झाले. पण त्या वर्षाची खरी गोष्ट मे महिन्यात घडली. मोसमाच्या शेवटच्या दिवशी चार्लटनविरुद्ध जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. बदली म्हणून आत आलेल्या जो थॉम्पसनने एकमेव गोल केला. लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून हा खेळाडू दोनदा उठला होता. क्लब वाचला आणि शेजारचे ओल्डहॅम बुडाले. थॉम्पसन २०२५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याच रोगाने गेला. त्याच्या गोलाने क्लबाला विभागात आणखी तीन मोसम मिळाले, एवढाच त्याचा हिशेब. पायऱ्यांवरली माणसे मात्र तो निराळ्या खात्यात मांडतात.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२१ साली क्लब पुन्हा तळाच्या विभागात घसरला आणि त्याच उन्हाळ्यात एका बाहेरच्या कंपनीने जुन्या संचालकांचे भाग घेऊन ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला. तेव्हा विरोधाला उभे राहिले ते हेच कुरकुरणारे लोक. त्यांच्या ट्रस्टने वर्गणी गोळा केली, कागदपत्रे तपासली, संचालक मंडळाबरोबर उभे राहून ताबा अडवला. पुढच्या वर्षी ते वादग्रस्त भाग क्लबाच्या बाजूकडे परत आले आणि रॉचडेल हा पाठीराख्यांच्या मालकीचा क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला. टोड लेनच्या गावात सहकार परत आला, असे कोणालाही वाटले असते, आम्हांलाही वाटले.

आणि नेमक्या त्या पहिल्या मोसमात, २०२२-२३ मध्ये, संघाने साऱ्यांची निराशा केली. पहिले चार सामने हरल्यावर एक व्यवस्थापक गेला, मार्चमध्ये दुसरा गेला, तिसऱ्याच्या हाती जहाज आले तेव्हा पाणी गळ्याशी होते. क्लब चोवीसपैकी चोविसावा आला आणि एकशे दोन वर्षांनंतर प्रथमच फुटबॉल लीगच्या बाहेर पडला. दोन जिंकलेल्या सामन्यांच्या काळातही जे झाले नव्हते, ते पाठीराखे मालक झाल्यावर झाले.

या वर्षाविषयी आम्हांला विशेष कुतूहल आहे. मालक परका असतो तेव्हा राग सोपा असतो: तो कंजूष, तो लबाड, त्याला गावाचे काय! पण मालक आपणच असू, तर आपल्यापैकीच कोणी मंडळावर बसलेला असतो, नोकरी सांभाळून रात्री हिशेब पाहतो, आणि सकाळी दुधाच्या दुकानात भेटतो. त्याला काय म्हणून ओरडायचे? इथे सहकाराची दोन पथ्ये एकमेकांवर आदळतात. एक सांगते की आपल्या माणसाला सांभाळून घ्यावे. दुसरे सांगते की आपला माणूस म्हणूनच त्याचे वजनमाप तपासावे. महाराष्ट्राने, खेदाने म्हणावे लागते, बहुतांशी पहिले पथ्य पाळले आणि त्याचे फळ बंद पडलेल्या धुराड्यांच्या रूपाने गावोगाव उभे आहे. स्पॉटलंडवर हुर्यो थांबली नाही. आपल्याच संस्थेची हुर्यो करणे हे दुष्टपणाचे नव्हे, तर कष्टाचे काम आहे, असे आम्ही मानतो. त्याने गोल होत नाहीत, हेही मान्य.

ज्यांना हा कष्टही नशिबी आला नाही, त्यांची आठवण इथे ठेवली पाहिजे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० साली कंपनीने तो बंद करण्याचा निर्णय घेतला आणि तो बंद झाला. २०१६ साली गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. वरच्या लीगचे नियम त्यांना अन्यायाचे वाटले, आणि त्यांची बाजू अगदी खोटी नव्हती. पण मडगावच्या फातोर्डा मैदानावर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला कोणी काही विचारले नाही. त्याच्या संघाला कोणी मैदानावर हरवून खाली ढकलले नव्हते. तसे झाले असते तर तो शिव्या तरी देऊ शकला असता. आपल्याकडे पुष्कळ संघ हरण्याआधीच संपतात, म्हणून वाईट संघावर वर्षानुवर्षे रागावण्याची परंपराच रुजत नाही. कोल्हापूर याला अपवाद म्हणावे लागेल. तिथे संघ पेठेचा आणि तालमीचा असतो, आणि पेठ बंद करण्याचा ठराव कोणत्याही कंपनीला करता येत नाही.

रॉचडेलकडे परत येऊ. लीगबाहेर पडल्यावर उत्पन्न आटले. २०२४ च्या सुरुवातीला क्लबाने जाहीर केले की सुमारे वीस लाख पौंडांची गुंतवणूक मार्चअखेरपर्यंत मिळाली नाही, तर क्लब गुंडाळावा लागेल. एक पौंडाच्या भागांतून उभे राहिलेल्या गावाला वीस लाख पौंड उभे करता आले नाहीत, यात नवल नाही. आजचा व्यावसायिक फुटबॉल, तळाचासुद्धा, लोणी-मेणबत्त्यांच्या नफ्यावर चालत नाही. गावाशी नाते असलेले ऑग्डेन हे श्रीमंत कुटुंब पुढे आले. भागधारकांनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी क्लब त्यांच्याकडे गेला. नवे मालक भले आहेत, असेच सगळे सांगतात. ज्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी एका खरेदीदाराला दाराबाहेर रोखले होते, त्यांनीच या खरेदीदाराला हात वर करून आत घेतले, आणि तसे करताना आपल्या मताचे वजन स्वतःच उतरवून ठेवले. एवढ्या वर्षांत ‘मंजूर’ म्हणण्याची त्यांच्यावर आलेली बहुधा ही एकच वेळ. त्यानंतर ते पुन्हा मैदानावर गेले, तेव्हा बचावपटू अजूनही आडवे पास देत होते की नाही ते आम्हांस ठाऊक नाही. देत असतील, तर पायऱ्यांवरून त्यांना तसे सांगितले गेले असणार.