‘योगा सर्वांसाठी’ असा बोर्ड लावू नका

योगा क्लास सुरू करायचं डोक्यात असेल, तर हॉल बघत फिरण्याआधी एक काम करा. आपल्याच भागातले दोन-तीन क्लास गिऱ्हाईक बनून शोधा. गुगल मॅपवर बघा, सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचा, मग फोन लावून विचारा, “गुडघे दुखतात, योगा कधी केलेला नाही, मला जमेल का?” बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळेल, “या की, आमच्याकडे सगळ्यांसाठी आहे!”

मला हे उत्तर अजिबात पटत नाही. कंबर धरलेली असताना मी स्वतः अशाच एका क्लासला तीन महिन्यांची फी भरली होती. पहिल्याच दिवशी मुरलेल्या मंडळींबरोबर बारा सूर्यनमस्कार! चौथ्या दिवसापासून गेलोच नाही. क्लासवाल्यांना फी मिळाली, खरंय. पण आमच्या बिल्डिंगमधले चार-पाच जण माझं बघून थांबले, ते नुकसान त्यांच्या वहीत कुठे दिसणार?

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी 1975 मध्ये सुरू केलेली संस्था बघा. नवशिक्यांचे वर्ग वेगळे, पुढच्यांचे वेगळे, दुखणं असलेल्यांची सोय वेगळी. ज्याचे हात पायापर्यंत पोचत नाहीत त्याला पट्टा, ठोकळा, खुर्ची. एवढा पसारा तुम्हाला पहिल्या वर्षी झेपणार नाही, आणि गरजही नाही. एकच गट धरा. माझं मत विचाराल तर पंचेचाळिशी ओलांडलेले नवशिके. आठ-दहा जणांची बॅच, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, बस्स.

“पण सर, फुकट क्लास असताना लोक पैसे का देतील?” प्रश्न बरोबर आहे. ठाणे-मुंबईकडे अंबिका योग कुटीरसारख्या संस्था विनामूल्य शिकवतात. तिथे किमतीची स्पर्धा तुम्ही हरलेलीच आहात! पैसे मिळतील ते वैयक्तिक लक्ष देण्याचे, सोयीच्या वेळेचे, घराजवळ असण्याचे.

गुगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं. त्यात क्लास कोणासाठी आहे, कोणत्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, हे स्पष्ट लिहा. शीर्षासनातल्या मॉडेलचा फोटो नको, तो बघूनच गुडघेवाल्या काकू पळतात. आपल्याच बॅचचा फोटो टाका, अर्थात विचारून. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली असेल तर तेही लिहा.

आणि स्लिप डिस्कवाला आला तर “आधी डॉक्टरांना विचारा” म्हणायचं. अवघड आसनं शिकायची असतील तर “माझ्याकडे नाही, अमुक ठिकाणी जा” म्हणून सरळ नंबर द्यायचा. तीन महिन्यांची फी मात्र आगाऊ घेऊ नका. पहिले दोन दिवस बसू द्या, मग महिन्याची घ्या.