दूध आटले म्हणून आजीचे नाव का घेता?



करकंबच्या एका वस्तीवरून एका ताईंचे पत्र आले आहे. नाव अर्थातच छापत नाही. त्यांची म्हैस दोन वेळचे मिळून ८ लिटर दूध देई, ती चार दिवसांत ३ लिटरवर आली. त्याच आठवड्यात चुलत्यांचे खोंड ज्वारीच्या खोडव्यात चरले आणि तासाभरात तडफडून मेले. देवऋषाने दाणे टाकून सांगितले, की ही शेजारच्या आजीची करणी. आजी विधवा. आजवर साऱ्या वस्तीच्या जनावरांचे झाडपाल्याचे औषध तिनेच केले. आता तिला हौदावर पाणी भरू देत नाहीत. ताई विचारतात, यात खरे किती?

आधी खोंडाचे पाहू. ज्वारी काढल्यावर बुडख्यांतून जे कोवळे फुटवे येतात, त्यांत विष असते. पाण्याचा ताण बसलेल्या पिकात ते अधिक. उपाशी जनावराने ते खाल्ले की श्वास लागतो, झटके येतात आणि बघता बघता ते आडवे होते. यालाच आपण किराळ लागणे म्हणतो. यावर इंजेक्शन आहे, पण डॉक्टर वेळेत पोचला तर. म्हणून फुलोऱ्यापूर्वीची ज्वारी चारू नका आणि खोडव्यात जनावर मोकळे सोडू नका.

आता म्हशीचे. एकदम दूध घटण्याचे मोठे कारण म्हणजे कासदाह. कास सुजली, दगडासारखी लागली तर कोणालाही कळते. पण सुप्त कासदाहात वरून काहीच दिसत नाही, फक्त दूध कमी होते. प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून पाहा. गाठी किंवा पाणचटपणा दिसला तर समजा, दोष कासेत आहे. फडक्यावर काही दिसले नाही तरी दुधाची तपासणी करून घ्या. ताप येऊन जनावर लंगडत असेल तर तिवा असू शकतो.

मग नाव आजीचेच का? कारण जिला बरे करता येते तिला बिघडवताही येत असेल, असे लोकांना वाटते. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. विलायतेकडच्या स्कॉटलंड देशात १५६३ साली चेटकाविरुद्ध कायदा झाला. तो १७३६ पर्यंत चालला. तेवढ्या काळात सुमारे ३,८०० माणसांवर आरोप झाले, त्यांत पाचांत चार बायका. बेसी डनलॉप ही अशीच एक खेडवळ बाई. आजारी गाई, मेंढ्या, लेकरे यांना ती औषध देई. नांगराचे लोखंड चोरीला गेले तरी लोक तिलाच विचारायला येत. १५७६ साली तिला दोषी ठरवून जाळले. अ‍ॅग्नेस सॅम्प्सन ही सुईण होती. तिला खुद्द राजाने प्रश्न विचारले, तिचा छळ झाला आणि १५९१ साली तिला मारून जाळले. गाईचे दूध पळवल्याचा आरोप तिकडेही नित्याचाच.

आपल्या राज्यात सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला 'डाकीण' ठरवून मारझोड झाली, गावाबाहेर काढले गेले. तिकडे नाव सांगणारा बहुतेकदा भगतच. त्याचा उतारा लागू पडला नाही की त्याला दुसऱ्या कोणाचे तरी नाव हवे असते. बाई एकटी असेल आणि तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असेल, तर नाव घेणे आणखी सोपे. तुमच्या आजीच्या बांधाला कोणाचा बांध लागून आहे, तेही एकदा पाहा.

आजीची सगळीच औषधे बरोबर, असे मी म्हणत नाही. अडकलेली वार ओढून काढणे चूकच, त्याने जनावर दगावते. पण त्याला करणी म्हणत नाहीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली, त्यांच्या खुनानंतर झाला. कोणी मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवतो असे भासवून त्याचे जगणे कठीण करणे हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. चेटकाच्या नावाखाली रोजच्या व्यवहाराला बंदी घालणे हाही गुन्हाच. म्हणजे देवऋषीबरोबर हौद बंद करणारेही सापडतात. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, शिवाय ५,००० ते ५०,००० रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. (वारी, भजन, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही. पंढरपूर तालुक्यात हे सांगावे लागते!)

ताई, उद्या सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. दुधाचा नमुना औषध सुरू करण्याआधीच स्वच्छ बाटलीत घ्या. डॉक्टर वस्तीवर आले की त्यांचे बोलणे सासूबाईंना आणि चुलत्यांना समोर बसून ऐकू द्या. आजीला हौदावर एकटी पाठवू नका. सासूबाईंना बरोबर घेऊन जा आणि पहिली घागर त्यांच्या हातून भरून द्या.