जिन्याखालची जागा



आपल्या बीड जिल्ह्यातील माळवदाच्या जुन्या घरांना अंगणातून वर जाणारा दगडी जिना असे. तो बहुधा भरीव असे. त्याच्याखालून जाण्याचा प्रश्नच नसे. आता शाळांतून खालून मोकळा असलेला, सिमेंटचा किंवा लोखंडी जिना दिसतो. तो सुटसुटीत दिसतो खरा. पण माझ्या एका अंध विद्यार्थ्याचे कपाळ अशाच जिन्याच्या खालच्या बाजूवर आपटले. "काठी होती ना हातात?" असे कोणी तरी म्हणाले. काठी होती, तरी असे का झाले, ते पाहू.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार (२०१६) शाळेच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १५ सें.मी. व रुंदी निदान ३० सें.मी. असावी. म्हणजे दोन मीटर पुढे गेल्यावर जिना एक मीटर चढतो. स्लॅबची उभी जाडी २० सें.मी. धरा. आता पहिल्या पायरीपासून ३.४ मीटरवर जिन्याची उंची १.७ मीटर, म्हणून त्याची खालची बाजू जमिनीपासून १.५ मीटरवर येते. हीच आपल्या कपाळाची उंची! मागच्या बाजूने येणाऱ्या त्या मुलाच्या काठीचे टोक त्या वेळी एक मीटर पुढे, २.४ मीटरवर असते. तेथेही डोक्यावरचा स्लॅब जमिनीपासून एक मीटर उंच असतो. काठी जमिनीवरून निर्वेध पुढे सरकते, कशालाच लागत नाही. आणि कपाळ मात्र आपटते. काठीला जमीन कळते, डोक्यावरचे कळत नाही.

तेव्हा दोष मुलाचा नाही, रचनेचा आहे. वीज गेल्यावर तुमचीही तीच गत होईल.

"एका मुलासाठी एवढा खटाटोप कशाला?" असे काही जण विचारतात. खटाटोप तो केवढा? जिन्याखाली गुडघाभर विटांची भिंत किंवा कठडा घातला की काठी आधीच अडते. शिवाय ही मेहेरबानी नव्हे. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नसून बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले आहे.

उद्या शाळेत मोजपट्टी व खडू घेऊन जा. जिन्याखाली वाटेवर संहिता २.२ मीटर मोकळी उंची मागते. ती जेथे सुरू होते तेथे जमिनीवर रेघ ओढा. रेघेच्या आतली जागा मोकळी असेल, तर आकृती काढून मुख्याध्यापकांना दाखवा. शिक्षकांनीही हा तास वर्गाबाहेर, जिन्याखालीच घ्यावा. भूमितीचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.