उपपदाचा मान आणि उपपदाची सत्ता

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत बिडकीन लागते. या परिसरातील कोणत्याही लहानशा ग्रामपंचायतीच्या उपसरपंचाला जे लाभले आहे ते महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्याला लाभलेले नाही, असे म्हटल्यास अनेकांना ती अतिशयोक्ती वाटेल. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती वस्तुस्थिती आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने उपसरपंचाचे पद निर्माण केले, त्याच्या निवडीची रीत घालून दिली आणि सरपंचाच्या अनुपस्थितीत कारभार त्याने पाहावा हेही ठरवून टाकले. राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. १६३ व १६४ या अनुच्छेदांत मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत. मधली पायरी नाही. देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून घेतलेल्या शपथेचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बिरुद केवळ वर्णनात्मक मानले. उपमुख्यमंत्री नेमण्याच्या प्रथेविरुद्धची याचिका २०२४ मध्ये फेटाळली गेली, तीही याच आधारावर की, उपमुख्यमंत्री हा अखेर एक मंत्रीच असतो.

अमेरिकेचे उपाध्यक्षपद याच्या नेमके उलट आहे. तेथे पद घटनेत आहे, परंतु त्याला काम फारसे नाही. सेनेटचे अध्यक्षस्थान भूषवावे आणि समसमान मते पडली तरच आपले मत द्यावे, एवढीच त्याची घटनादत्त कामगिरी. पहिले उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनीच या पदाच्या क्षुद्रतेबद्दल पत्नीला लिहिलेल्या पत्रात खंत व्यक्त केली होती. तरीही या पदाला एक अर्थ आहे, आणि तो वारसाहक्काचा आहे. १८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन अवघ्या महिन्याभरात मरण पावले, तेव्हा जॉन टायलर यांनी आपण हंगामी नसून पूर्ण अध्यक्ष आहोत असा पवित्रा घेतला, आणि तोच पायंडा पडला. आजवर नऊ उपाध्यक्ष अशा रीतीने मध्येच अध्यक्ष झाले. आठ जण अध्यक्षांच्या मृत्यूमुळे आणि जेराल्ड फोर्ड हे १९७४ मध्ये निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. १९४५ मध्ये रूझवेल्ट निवर्तले, तेव्हा अणुबाँबच्या प्रकल्पाची खरी माहितीही ट्रुमन यांना नव्हती. त्याच ट्रुमन यांच्या कारकीर्दीत चार महिन्यांच्या आत तो बाँब टाकला गेला. उपाध्यक्षाला अंधारात ठेवणे किती धोक्याचे असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

महाराष्ट्रात वारसाचा प्रश्न २४ नोव्हेंबर १९६३ रोजी उभा राहिला. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले तेव्हा उपमुख्यमंत्री कोणीच नव्हता. बाळासाहेब सावंत यांनी हंगामी मुख्यमंत्रिपद सांभाळले आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक यांनी सूत्रे हाती घेतली. उपपदावाचून काही अडले नाही. ते पद पुढे १९७८ मध्ये आले, ते दोन काँग्रेस पक्षांना एकत्र संसार थाटावा लागला म्हणून. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, हा संसार साडेचार महिन्यांत मोडला. नंतर शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात बीडच्या सुंदरराव सोळंके यांना हे पद मिळाले. म्हणजे आपल्याकडील उपमुख्यमंत्री हा आघाडीतील भागीदार किंवा प्रदेशाचा प्रतिनिधी असतो, वारस नसतो. २०२४ पर्यंत एकही उपमुख्यमंत्री पुढे मुख्यमंत्री झाला नाही. त्या वर्षी देवेंद्र फडणवीस झाले, पण तेही पूर्वी मुख्यमंत्रिपद भूषवलेले आणि निवडणूक जिंकून आलेले.

मग या पदावरील व्यक्तींनी सत्ता गाजवली नाही काय? अवश्य गाजवली, पण ती खात्याच्या बळावर. गोपीनाथ मुंडे १९९५ पासून प्रभावी ठरले ते गृहखात्यामुळे, आर. आर. पाटीलही गृहमंत्री म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिले, आणि अजित पवारांचा दरारा अर्थखात्याच्या किल्ल्यांचा होता. खाते काढून घेतले तर मागे राहते ती पाटी आणि लाल दिव्याची आठवण.

मराठवाड्याने हा भेद ओळखणे अगत्याचे आहे. सोळंके आणि मुंडे यांच्या रूपाने या प्रदेशाला दोनदा उपमुख्यमंत्रिपद मिळाले आणि दोन्ही वेळा तो प्रदेशाचा बहुमान मानला गेला. परंतु प्रदेशाचा खरा हक्क राज्यघटनेच्या ३७१ (२) या अनुच्छेदात लिहिलेला आहे. त्यानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा एखाद्या नेत्याचे पद हुकल्यावर उठतो तेवढाही गदारोळ उठला नाही. घटनेत नसलेल्या पदासाठी चढाओढ आणि घटनेत असलेल्या तरतुदीबाबत मौन, अशी ही विसंगती आहे.

बिडकीनला तिचा अर्थ अधिक जाणवावा. ७,८५५ एकरांचे येथील औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. या जमिनीवर कारखाने किती येतील, जमिनी दिलेल्या घरांतील मुलांना काम मिळेल की नाही आणि जायकवाडीच्या पाण्यात शेतीचा वाटा किती राहील, हे उद्योग, अर्थ आणि जलसंपदा या खात्यांत ठरणार आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर कोण बसले यापेक्षा त्या खुर्चीसमोरच्या टेबलावर कोणती फाइल येते, हे विचारण्याची सवय मतदाराला लागली पाहिजे. ती लागेपर्यंत मान प्रदेशाला मिळत राहील आणि निर्णय अन्यत्र होत राहतील.